चारुशीलाबाईंचे मेज

चारुशीलाबाई हेरलेकर गेल्या, त्याच्या सोळाव्या दिवशी सकाळी त्यांच्या मेजाने त्यांच्या नवऱ्याची दोन विशेषणे फिकी केली.

वाक्य असे होते : ‘पन्हाळ्याच्या पश्चिमेकडचा हा भव्य, रौद्र आणि विराट कडा म्हणजे लाव्हारसाच्या सात प्रवाहांची एकावर एक बसलेली चळत होय.’ प्राध्यापक रत्नाकर हेरलेकरांनी ते नेहमीप्रमाणे खिडकीपाशी उभे राहून, मेजाकडे पाठ करून, खणखणीत आवाजात सांगितले. वळून पाहतात तो काचेवर वाक्य उमटले होते. पण त्यातले ‘भव्य’ आणि ‘विराट’ हे शब्द राखेसारखे करडे पडले होते आणि ‘रौद्र’ तेवढा काळाभोर उरला होता. वाक्याच्या डाव्या अंगाला, कोणी मागितला नसताना, त्या कड्याचा उभा छेद दाखवणारा नकाशा येऊन बसला होता.

खोलीत दुसरे कोणी नव्हते. मेजासमोरची खुर्ची रिकामी होती.

रत्नाकरराव बराच वेळ त्या दोन करड्या शब्दांकडे पाहत राहिले. मग गेली अडतीस वर्षे त्यांनी जे केले होते तेच केले. ते ओरडले, “नको! सांगितलंय तसंच राहू दे!”

शब्द पुन्हा काळे झाले. रत्नाकरराव भिंतीला टेकून खाली बसले आणि सोळा दिवसांत पहिल्यांदा रडले.

*

ज्यांनी जुने संगणक वापरले आहेत त्यांना आठवेल, की पडद्यावर एके काळी कचेरीतल्या टेबलाची नक्कल असे. फायली, त्या ठेवायचे फोल्डर, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. ही मांडणी बालिश होती, असे पुढे तिला हसणारे म्हणू लागले. ते खरे नाही. त्या मांडणीत एक सचोटी होती. वस्तू जिथे ठेवावी तिथेच ती सापडे, आणि सापडली नाही तर दोष आपला असे.

ती मांडणी वीसेक वर्षांत नाहीशी झाली. पडदा आडवा होऊन टेबलावर आला. लाकडावर काचेचा एकसंध तक्ता बसला. काचेच्या कडांतले बारीक डोळे माणसाची बुबुळे पाहत, तिचा पृष्ठभाग बोटांचा दाब मोजी आणि आवाजही ऐके. फायलींना जागा उरल्या नाहीत. सगळे काही एका अदृश्य ढिगात असे आणि त्यातले जे ज्या क्षणी हवे, ते मेज आपण होऊन पुढे आणून ठेवी.

कोणाला कधी काय हवे, हे ओळखण्यासाठी मेज माणूस शिकत असे. नजर कोणत्या चित्रावर निमिषभर अधिक रेंगाळली, कोणता शब्द लिहून खोडला, हात कुठे अडखळला, अशा लक्षावधी बारीक गोष्टींतून ते काही कोटी आकड्यांचे एक जाळे विणी. त्या जाळ्याला लोक ‘वळण’ म्हणू लागले. शब्द चांगला होता. अक्षराचे वळण कोणत्याही एका अक्षरात नसते; ते सगळ्या अक्षरांत मिळून असते. चारुशीलाबाईंच्या वळणातही त्यांचे एकही छायाचित्र नव्हते, एकही वाक्य नव्हते. होती ती फक्त त्यांची रीत : काय पुढे आणायचे, काय मागे सारायचे आणि काय खोडायचे. ही रीत गोठलेली मात्र नसे. मेजाने काही सुचवावे आणि माणसाने ते मान्य करावे, की ते आकडे थोडे घट्ट होत. नाकारावे, की थोडे सरकत. मूळ जागी ते पुन्हा येत नसत.

मृतांच्या वळणांकडून पत्रे लिहवून घेण्याचे प्रकार घडल्यावर वळणाची प्रत काढण्यास कायद्याने बंदी झाली होती. एका माणसाचे वळण एकाच काचेत राही. तो गेला, की वारसाने ते पुसावे, बंद करून ठेवावे, किंवा स्वतः त्या मेजावर काम सुरू करावे.

रत्नाकररावांनी तिसरा मार्ग पत्करला, त्याला कारण होते.

*

हेरलेकर पतिपत्नींची काम करण्याची पद्धत कोल्हापुरात अनेकांना माहीत होती. रत्नाकरराव भूशास्त्राचे प्राध्यापक. चारुशीलाबाई त्याच विभागात नकाशे काढत. दख्खनचे पठार कसे जन्मले ते सामान्य वाचकाला मराठीतून सांगणारा बारा प्रकरणांचा एक ग्रंथ दोघे मिळून सिद्ध करत होते. ‘दोघे मिळून’ हे शब्द मात्र रत्नाकररावांनी कधी वापरले नाहीत. ते येरझारा घालत सांगत, बाई लिहीत. त्या खुर्चीत रत्नाकरराव आयुष्यात एकदाही बसले नव्हते. शब्द खटकला, की बाई तो करडा करत आणि म्हणत, “हे बघा.”

“काय बघा? वाक्याला डौल आला आहे तो.”

“डौल तुमचा आला. कडा होता तेवढाच राहिला.”

“चारू, तुला गद्य कळत नाही.”

“मला कडा कळतो.”

मग वाद होई. रत्नाकरराव जुन्या गद्यकारांचे दाखले देत, बाई पेन्सिलीला टोक काढत बसत. शेवटी रत्नाकरराव ‘नको’ म्हणत आणि बाई तो शब्द निमूटपणे काळा करत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आले, की रत्नाकरराव तेच वाक्य पुन्हा सांगत, त्या शब्दावाचून. आणि सांगण्याचा सूर असा, की ही सुधारणा डोक्यावर पाणी घेताना त्यांची त्यांनाच सुचली आहे. बाई लिहून घेत. अडतीस वर्षांत या गोष्टीचा उच्चार दोघांपैकी एकानेही केला नाही.

बाईंना दवाखान्यात हलवले तेव्हा अकरा प्रकरणे झाली होती. “बारावं मला दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “समारोप आला, की तुम्ही फार वाहवत जाता.” बाराव्याचे पहिले पान लिहून होण्याआधीच त्या गेल्या.

ते प्रकरण बाईंच्या नजरेखालून जायला हवे होते, आणि ती नजर आता जगात एकाच ठिकाणी उरली होती.

*

तेरावे झाल्यावर मेज बसवून देणाऱ्या कंपनीचा अन्वर मुजावर करारपत्र घेऊन आला. तो मूळचा शिरोळचा, रत्नाकररावांचा एके काळचा विद्यार्थी.

“दगड सोडून काच धरलीस म्हणायची,” रत्नाकरराव म्हणाले.

“काचबी दगडाचीच की, सर. वाळू वितळवूनच करत्यात.” त्याने चार पाने पुढे ठेवली. “बाईंचं वळण तुमच्या नावावर करतो. फक्त चौथं कलम नीट वाचा. घाई करू नका.”

रत्नाकररावांनी खिशातले लाल पेन काढले. “या वाक्याला कर्ता कुठे आहे?”

“सर, त्यातला मुद्दा बघा.”

“कर्त्यावाचून मुद्दा उभा राहतो का? आणि एका ओळीत तीनदा ‘सदरहू’?”

“मी सोपं करून सांगतो. चप्पल असती बघा, दुसऱ्यानं घातली की हळूहळू त्याच्या पायाची होती. तसंच टेबलाला तुम्ही जे जे...”

“उपमा नंतर दे, अन्वर. आधी हे ‘करण्यात येण्यात येईल’ काढून टाक. हे कोणी लिहिलं? त्याला माझ्याकडे पाठव.”

अन्वर हसला. रत्नाकररावांनी अकरा चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. चारही पाने त्यांनी अक्षरन् अक्षर तपासली होती. वाचली मात्र नव्हती.

*

पुढचे तीन महिने सुखाचे होते; शब्द चमत्कारिक वाटेल, पण दुसरा योग्य शब्द नाही. सकाळी आठ वाजता रत्नाकरराव खिडकीपाशी उभे राहत आणि सांगू लागत. मेज शब्द फिका करी, ते ओरडून नको म्हणत, आणि मग रिकाम्या खुर्चीला आपली बाजू समजावून देत. अकरा वाजले, की मेज सगळे नकाशे आपोआप कडेला सारी, कारण बाई त्या वेळी चहा करायला उठत. रत्नाकरराव चहा स्वतः करायला शिकले.

बाराव्याला त्यांनी हात लावला नाही. ते घाईने करण्याचे काम नव्हे, असे ते स्वतःला सांगत. आधी मागची अकरा प्रकरणे एकदा नजरेखालून घालू. त्या प्रकरणांत खोडण्यासारखे काही उरले नव्हते, बाईंनी काही ठेवलेच नव्हते. म्हणून रत्नाकरराव ते पुन्हा घालू लागले. दोन लाव्हाप्रवाहांमध्ये सापडणाऱ्या तांबड्या मातीच्या थराविषयी बाईंनी ठेवलेले सात शब्दांचे वाक्य त्यांनी एकोणीस शब्दांचे केले आणि अपराधी पोरासारखे वळून पाहिले. बारा शब्द करडे.

“नको!” ते आनंदाने ओरडले. दुसऱ्या दिवशी ते बारा शब्द त्यांनी स्वतःच काढून टाकले, आणि आठव्या प्रकरणात नवे घातले.

नवरात्राच्या सुमारास छायाचित्रे येऊ लागली.

खडकाचे छायाचित्र घेताना आकार कळावा म्हणून शेजारी काहीतरी ठेवावे लागते : हातोडा, पेन, नाहीतर माणूस. हेरलेकरांच्या छायाचित्रांत तो माणूस म्हणजे बाई. उंची पाच फूट एक इंच. मसाईच्या पठारावर, बांदिवड्याच्या खांबांसारख्या खडकांपाशी, घाटातल्या ताज्या कापलेल्या दरडींखाली, उन्हाने डोळे बारीक करून उभ्या असलेल्या चारुशीलाबाई. अशी तीनेक हजार छायाचित्रे होती. मेज आता तीच पुढे आणू लागले. आधी एखादे, मग तीन-चार, मग मजकुराच्या चारी बाजूंनी.

रत्नाकररावांनी मुलीला फोन केला. शाल्मली बंगळुरूला असे.

“शमू, आई आता दिसायला लागली आहे.”

“म्हणजे काय, बाबा?”

“येऊनच बघ.”

*

शाल्मली दिवाळीला आली. फराळ तिने बाहेरून आणला होता आणि त्याबद्दल वडिलांचे व्याख्यान ऐकूनही घेतले. मग ती मेजापाशी जाऊन उभी राहिली. काचभर आई होती. वीस वर्षांची आई, चाळीस वर्षांची आई, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात मोजपट्टी धरलेली.

तिने एकेक छायाचित्र निरखले. मग म्हणाली, “बाबा, पुस्तकासाठी आई हे फोटो कधी निवडायची?”

“कधीच नाही. हातोड्याचे निवडायची. वाचकाला दगड बघायचाय, मी नाही, असं म्हणायची.”

“मग हे कोण निवडतंय?”

रत्नाकरराव काचेवरच्या एका छायाचित्राकडे पाहू लागले.

“एक वाक्य सांग बघू. तुझं नेहमीचं.”

“नेहमीचं म्हणजे कसं?”

“म्हणजे संपत नाही असं.”

दुसरी कोणतीही वेळ असती तर यावर अर्धा तास वाद झाला असता. रत्नाकररावांनी खिडकीकडे तोंड केले आणि सांगितले, “अनादि, अनंत, अथांग आणि अविचल अशा या पठाराच्या धीरगंभीर, भारदस्त मौनात कोट्यवधी वर्षांचा प्रलयंकारी इतिहास दडलेला आहे.”

वाक्य काचेवर उमटले. जरा वेळाने ‘भारदस्त’ किंचित निवळल्यासारखा वाटला आणि पुन्हा काळा झाला. बाकी सारे जसेच्या तसे. वाक्याच्या उजवीकडे आईचे आणखी एक छायाचित्र येऊन बसले.

“आईनं हे सोडलं असतं?” शाल्मलीने विचारले.

“तिनं मला भरल्या ताटावरून उठवलं असतं.”

“मग, बाबा, हे फोटो आई दाखवत नाहीये. तुला ते बघायचे असतात. तू एकेका फोटोवर किती वेळ थांबत असशील! टेबल तुला शिकलंय. हे सगळं तू आहेस.”

*

भाऊबीज झाल्यावर अन्वरला बोलावले. मूळ वळणातले किती उरले, हे त्याला मोजता येत असे. त्याने हातातले उपकरण काचेच्या कडेला टेकवले आणि पुन्हा एकदा टेकवले.

“एकोणीस.”

“एकोणीस काय?”

“शंभरातले, सर. बाकी एक्याऐंशी तुम्ही.”

“तीन महिन्यांत?”

“लोकांना दोन-तीन वर्षं लागत्यात.” त्याने काचेवर नोंद उघडली. “टेबलानं सुचवलेलं तुम्ही चारशे बारा वेळा नाकारलंय. मान्य किती, तर शून्य. सर, एकदाबी हो म्हटलं नाही तुम्ही?”

“म्हणायचो की. दुसऱ्या दिवशी. तिनं खोडलेलंच मी खोडायचो.”

“ते तुम्ही तुमचं म्हणून सांगितलं. टेबल काय समजलं? बाईंचं सुचवणं चुकलं, आणि सरांना दुसऱ्या दिवशी स्वतःहून बरोबर सुचलं. बाईंचं पुसलं, तुमचं धरलं. त्यात ते आवाजाचा जोरबी मोजतं. हळू ‘नको’ म्हटलं तर थोडं सरकतं. तुमचं ‘नको’ म्हणजे...” अन्वर थांबला. “हे चौथ्या कलमात होतं, सर.”

रत्नाकररावांनी करारपत्र काढले. चौथ्या कलमात लिहिले होते, की वारसाने दिलेला प्रत्येक नकार ही मूळ वळणातील कायमची दुरुस्ती मानली जाईल. ‘दिलेला’ खोडून त्यांनी वर लाल शाईने ‘नोंदवलेला’ असे लिहिले होते.

“टेबलाला कळलं नाही,” ते म्हणाले. “तिला कळायचं.”

“कळायचं,” शाल्मली म्हणाली. “पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंही असेल, बाबा.”

“तसं ती कधी म्हणाली?”

“नाही. तीही कधी बोलली नाही. तुम्ही दोघं एकाच शाळेतले.”

अन्वर उपकरण पिशवीत घालत उगाच वेळ काढत होता. रत्नाकररावांनी विचारले, “गेलेलं परत आणता येईल?”

“नाही, सर.”

“बंद ठेवलं तर?”

“तर एकोणीसच राहतील, कितीबी वर्षं. उघडलं, की नुसतं बघितलं तरी जरा सरकणार.”

“मग बंदच राहू दे,” शाल्मली म्हणाली. “प्लीज, बाबा. एकोणीस तर एकोणीस. मला कधीतरी तिथं बसायचंय. एकटीला.”

“तिला बारावं बघायचं होतं.”

“ते तू लिहिलंयस कुठे?”

दोघांनाही एकच वस्तू हवी होती. एकाला वापरायला आणि दुसरीला ठेवायला. शेवटी शाल्मलीनेच माघार घेतली. “लिही. कागदावर लिही. आणि मग एकदाच उघडून तिला वाचून दाखव. पण शपथ घे, ती काहीही खोडू दे, तू ‘नको’ म्हणायचं नाहीस.”

“घेतली.”

“मोठ्यानं.”

“नको म्हणणार नाही,” रत्नाकरराव म्हणाले.

*

काचेवर त्यांनी बाईंची जुनी शाल घातली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसले. स्वतःच्या हाताने लिहिण्याची सवय मोडली होती. शाई बोटांना लागे, ओळी उताराला लागत. प्रत्येक विशेषणापाशी ते थांबत आणि चारू काय म्हणाली असती याचा विचार करत. कधी तो शब्द काढत, कधी मुद्दाम ठेवत, की तिला खोडायला काहीतरी हवे. मग ते थोडे लबाडीचे वाटून तेही काढत. फिरायला जाताना रंकाळ्याच्या कडेने ते पुटपुटत जात, “मान्य. मान्य.” समोरून येणारे ओळखीचे लोक कशाला तरी संमती मिळाल्यासारखे हसून नमस्कार करत.

माघात प्रकरण पुरे झाले. चौतीस पाने.

एका रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि काचेवरची शाल काढली. या वेळी ते खिडकीपाशी गेले नाहीत. मेजासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, तोंड काचेकडे करून उभे राहिले आणि वाचू लागले.

दुसऱ्या पानावर ‘खरोखर’ हा शब्द फिका झाला.

आयुष्यात ‘मान्य’ हा शब्द रत्नाकररावांनी कित्येकांना उद्देशून वापरला होता. सभांमध्ये, पत्रांमध्ये, विरोधकांशी वाद हरल्यावरसुद्धा. बायकोला म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

“मान्य,” ते म्हणाले.

‘खरोखर’ नाहीसा झाला. वाक्य सांधले गेले, जसे काही तिथे कधी काही नव्हतेच, आणि ते पहिल्यापेक्षा चांगले झाले होते.

पाचव्या पानावर एक अख्खे वाक्य करडे पडले. ते लिहितानाच त्यांना संशय आला होता. “मान्य, चारू.” सातव्या पानावर दोन शब्द. “मान्य. तुझं बरोबर आहे.” त्यांना हसू येत होते आणि कागदावरचे दिसत नव्हते, त्यांनी चष्मा पुसला. डाव्या बाजूला एक नकाशा येऊन बसला. आठव्या पानावर काही नव्हते. नवव्यावर, दहाव्यावर काही नव्हते. प्रकरण चांगले उतरले होते, म्हणून असेल. ते वाचत राहिले.

तेराव्या पानावर ते वाक्य होते. ते लिहायला त्यांना आठ दिवस लागले होते. त्यांनी ते सावकाश वाचले :

‘या ग्रंथातील दोनशे सहा नकाशे चारुशीलेने काढले, त्या निरलस, निःस्वार्थ, व्रतस्थ हाताचे ऋण मी अडतीस वर्षांत एकदाही बोलून दाखवले नाही, आणि या ग्रंथात जे काही सुंदर आहे ते तिने खोडून उरलेले आहे.’

पहिल्या स्वल्पविरामापुढचे सगळे करडे झाले. काचेवर काळे उरले ते एवढेच : ‘या ग्रंथातील दोनशे सहा नकाशे चारुशीलेने काढले.’

“नको!” रत्नाकरराव ओरडले. “नको, चारू, हे नको खोडू! हे तुझ्याबद्दल आहे!”

करडी अक्षरे लागलीच काळी झाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी, एकदम.

आपण काय म्हणालो ते त्यांना कळायला एक क्षण लागला.

“मान्य,” ते घाईने म्हणाले. “मान्य. खोड. काय हवं ते खोड. मान्य आहे मला.”

अक्षरे हलली नाहीत. त्यांनी वाक्य पुन्हा वाचले, पहिल्यापासून, अगदी हळू, आणि थांबले. नंतर आणखी एकदा वाचले. काचेच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आली :

‘मान्य करण्यासाठी कोणताही बदल शिल्लक नाही.’

ती ओळ आपोआप विरून गेली. रस्त्यावरून कोणी गाडी मागे घेत होते, तिचा आवाज बंद होईपर्यंत रत्नाकरराव तसेच उभे राहिले. मग त्यांनी पान उलटले. उरलेली एकवीस पाने त्यांनी उभ्यानेच वाचून दाखवली. प्रत्येक पूर्णविरामापाशी ते थांबत, मान वर करत, काचेकडे पाहत आणि पुढचे वाक्य सुरू करत.

एकही शब्द फिका झाला नाही.